घट्ट पेडल, अडखळणारी चाल: बगॅस यार्डातल्या स्किड स्टिअर लोडरच्या दुरुस्ती नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार (मीटर ३,१४२ तास)

मशीन ५० एचपी वर्गातला स्किड स्टिअर (दोन बाजूंची चाके वेगवेगळी फिरवून वळणारा छोटा लोडर), चार टायरचा. चालवायला हाताचे दोन लिव्हर: डावा डावीकडच्या चाकांना, उजवा उजवीकडच्या. आर्म डाव्या पेडलवर, बकेट उजव्या पेडलवर. सगळे लिंकेज (पेडल-लिव्हरपासून व्हॉल्व्ह-पंपापर्यंतचे दांडे आणि जोड) मेकॅनिकल, पायलट लाइन (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्ह हलवणारी बारीक लाइन) किंवा जॉयस्टिक नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचे चिपाड) यार्डात अख्खा गळीत हंगाम काढून आला आहे. पुढचे काम प्रेसमडच्या (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) कंपोस्ट यार्डात.

ऑपरेटरची तक्रार एका वाक्यात: सकाळी उजवे पेडल हलत नाही आणि दुपारी गाडी उड्या मारते. तक्रार एकच म्हणून आली तरी जॉब कार्डावर दोन वेगळ्या ओळी केल्या. पेडल घट्ट असणे हा बहुतेक वेळा लोखंडाचा प्रश्न असतो: पिन, बुश, स्पूल (कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा), गंज. चाल झटके मारणे हा बहुतेक वेळा तेलाचा किंवा हवेचा. दोन्ही एकाच ओळीत लिहिले की माणूस थेट पंपाला हात घालतो, आणि पंप उघडणे हे सगळ्यात महाग आणि सगळ्यात शेवटी करायचे काम.

काही उघडण्याआधी मोजमाप. साधा ५० किलोचा स्प्रिंग काटा पेडलच्या टोकाला अडकवून ओढले. डावे पेडल ६.५ किलोला हलते, उजवे १६ ते १७ किलोला. उजवे सोडल्यावर स्वतःहून मध्यावर येत नाही, पायाने आणावे लागते. म्हणूनच बकेट ‘पुढे जात राहते’ अशी जोडतक्रार होती.

मोजताना एक खबरदारी. या मशीनवर आर्म आणि बकेट या दोन्ही स्पूलना इलेक्ट्रिक लॉक आहे. चावी बंद असेल किंवा सीट बार (ऑपरेटरच्या पुढे खाली येणारा सुरक्षा दांडा) वर असेल तर स्पूल लॉकच असणार, पेडल हलणारच नाही. चावी बंद ठेवून पेडल ओढून पाहायचे आणि ‘व्हॉल्व्ह जाम’ असे लिहून टाकायचे, हे वारंवार होते. बरोबर पद्धत: आर्म पूर्ण खाली, बकेट जमिनीला टेकलेली, सीटवर माणूस, बार खाली, चावी चालू, इंजिन बंद. मग काटा लावायचा. त्यानंतर तेच इंजिन चालू ठेवून.

इंजिन चालू असताना उजवे पेडल १७.५ किलो. म्हणजे बंद आणि चालू यात जेमतेम एका किलोचा फरक. हा फरक मोठा निघाला असता तर प्रेशरने स्पूल एका बाजूला दाबला जातोय किंवा रिटर्न लाइन तुंबली आहे असे धरून तिकडे गेलो असतो. इथे तेलाचा संबंध नाही, अडचण यांत्रिक आहे.

८ एप्रिल

 आर्म वर घेऊन सपोर्ट लॉक लावला, पिन घातली, मग कॅब उलटवून मागे टाकली, मगच खाली हात. लॉकशिवाय वर उचललेल्या आर्मखाली कोणी जायचे नाही, नट कितीही जवळ दिसत असला तरी.

इंजिन बंद करून, चावी चालू आणि बार खाली ठेवून दोन्ही पेडल चार-पाच वेळा दोन्हीकडे हलवले, अडकलेले प्रेशर उतरवले. उजवे पेडल यासाठीही दोन्ही हातांनी दाबावे लागले.

फ्लोअर प्लेट काढली. खाली पेडलच्या पिव्होटभोवती चिपाडाचा भुसा ठासून बसलेला, खरवडणीने वडीसारखा कापावा लागला. मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, आणि उरलेल्या साखरेमुळे साठवलेला बगॅस आंबतो. त्या आंबट ओलाव्यात लोखंड फार लवकर गंजते. दगडखाणीची कोरडी धूळ घासून झीज करते, बगॅस गंजवून चिकटवतो. भुसा बाहेर काढला तेव्हा पाऊण बादली भरली. ब्लोअरने उडवायचा प्रयत्न फसतो, ओला भुसा आणखी आत सरकतो. आधी खरवडणे, मग डिझेल आणि ब्रश, हवा शेवटी.

आता खरी विभागणी. पेडलपासून स्पूलपर्यंत जाणाऱ्या लिंकची पिन काढून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या.

उजवे पेडल एकटे, लिंक सुटलेली: ५ किलो. डावे एकटे: ०.८ किलो. सुटलेले पेडल खरे तर स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवे. उजवे जिथे ठेवावे तिथेच राहते.

स्पूलच्या डोळ्यात हुक घालून थेट ओढले: बकेटचा स्पूल ३४ किलो, आर्मचा १७ किलो. पेडलचे प्रमाण तीनास एक आहे (वरची भुजा १८० मिमी, खालची ६०). म्हणजे ३४ चे पेडलवर साधारण ११.३ किलो, त्यात पेडलचे स्वतःचे ५, बेरीज १६.३. काट्यावर मिळालेल्या आकड्याशी जुळते. डाव्या बाजूला १७ भागिले ३ आणि ०.८, म्हणजे साडेसहा. तेही जुळते.

याचा अर्थ दोष एका जागी नाही. तिसरा हिस्सा लिंकेजमध्ये, दोन तृतीयांश स्पूलकडे. नुसते ग्रीस मारून पाठवले असते तर पेडल १६ चे १२ झाले असते, ऑपरेटर चार दिवस खूश आणि आठवड्याने परत.

९ एप्रिल

लिंकेज पूर्ण केले.

पेडलची पिव्होट पिन १६ मिमीची. झिजलेल्या जागी मायक्रोमीटरवर १५.६ आणि तीन ठिकाणी गंजाचे खड्डे. मूळ बुश नायलॉनचे असते. इथे मागे कोणीतरी साध्या लोखंडाचे बुश ठोकून बसवले होते, तेही बाहेरून हातोड्याने, तोंड चेपलेले. लोखंडावर लोखंड, मध्ये ओला बगॅस, वर पंपाने भरलेले ग्रीस. ग्रीस आणि भुसा मिळून जे तयार होते ते लॅपिंग पेस्टच (धातू घासून काढणारा लेप). नायलॉन बुशला ग्रीस लावायचे नसते, ते कोरडे चालण्यासाठीच आहे. निपल दिसला की गन लावायची ही सवय इथे नडते. तो निपलही नंतर कोणीतरी ड्रिल मारून बसवलेला निघाला. काढून ग्रब स्क्रूने बंद केला.

नवी पिन लेथवर करून घेतली, ईएन ८ पोलादाची, हार्ड क्रोम. बुश नायलॉनचेच, प्रेसवर दाबून बसवले, हातोडा नाही. दाबल्यावर बुशचा आतला व्यास आवळतो, म्हणून बसवल्यानंतर रीमर फिरवला. पिन बोटाने फिरते, हलवून खेळ जाणवत नाही.

लिंकचा दांडा जवळजवळ ४ मिमी वाकलेला. घट्ट पेडलवर पूर्ण ताकदीने पाय मारला की हा दांडा वाकतोच, आणि वाकला की लांबी कमी होते. मग कोणीतरी रॉड एंड फिरवून लांबी ‘जमवतो’. सरफेस प्लेटवर सरळ केला, दोन्ही रॉड एंड नवे टाकले.

लांबी लावण्याची पद्धत: स्पूल स्वतःच्या स्प्रिंगने मध्यावर बसलेला, पेडल त्याच्या मध्यावर, आणि मग लिंकची लांबी अशी की पिन बोटाने आत पडेल. पिन घालायला पेडल किंचित दाबावे लागत असेल तर स्पूल किंचित उघडा राहतो. तेल तापते, बकेट सरकते, आणि दोष पुढे सीलवर जातो.

स्पूलचा प्रवास मध्यापासून दोन्हीकडे ९ मिमी. पूर्ण दाबल्यावर पेडल फ्लोअर मॅटला टेकत नाही ना हेही पाहिले. जाड रबरी मॅट टाकलेल्या मशीनमध्ये ‘बकेट हळू चालते’ ही तक्रार अनेकदा एवढ्यानेच येते.

पेडल एकटे: ०.७ किलो.

१० एप्रिल

स्पूल लॉक. प्रत्येक स्पूलला एक सोलेनॉइड आहे. त्याची पिन स्पूलच्या खाचेत बसते, करंट मिळाला की ओढली जाते. पिन अर्धवट ओढली गेली तर स्पूल हलतो, पण पिनेला घासत. बाहेरून हे अगदी ‘व्हॉल्व्ह घट्ट’ असे वाटते.

कॉइलचा रेझिस्टन्स ७ ओहम, दोन्हीकडे सारखा. नुसत्या रेझिस्टन्सवर विसंबता येत नाही. लोडवर, म्हणजे कॉइल जोडलेली असताना व्होल्टेज मोजायचे. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बकेटच्या कॉइलच्या दोन टोकांत १०.४. बाकी गेले कुठे? बॅटरी पॉझिटिव्हपासून कॉइलपर्यंत ०.४. कॉइलच्या अर्थ टोकापासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत ३.१. म्हणजे खराबी अर्थमध्ये. चेसिसला लावलेला थिंबल (वायरच्या टोकाची कडी) पेंटवर बसलेला, खाली हिरवट गंज.

थिंबल कापून नवा क्रिम्प केला, चेसिसची जागा घासून उघडी केली, दातेरी वॉशर टाकला, वरून पातळ व्हॅसलिन. अर्थकडचा ड्रॉप ०.१, कॉइलवर १३.४. पिन आता ‘टक’ असा स्पष्ट आवाज करून ओढली जाते, आधी आवाज दबका होता. सोलेनॉइडची नळी उघडून पिन कोरडी पुसली. इथेही तेल-ग्रीस नको, धूळ धरते.

स्पूल परत ओढला: ३४ वरून २९ किलो. फरक आहे, पण पुरेसा नाही.

या लॉकची वायर थेट बॅटरीवर टाकून ‘कटकट मिटवलेली’ मशीन येतात. तसे इथे होणार नाही. सीट बार वर करून उतरताना पाय पेडलवर पडला तर आर्म खाली येतो, आणि उतरणारा माणूस नेमका आर्म आणि फ्रेमच्या मध्ये असतो.

११ एप्रिल

व्हॉल्व्ह उतरवला. त्याआधी सगळा भाग डिझेलने धुऊन कोरडा केला. प्रत्येक होज पाइपला नंबरची पट्टी, दोन्ही तोंडांना लगेच प्लग आणि कॅप. चिंधी कोंबून तोंड बंद करायचे नाही, तिचा धागा पुढे रिलीफमध्ये (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) सापडतो.

बकेटचा स्पूल: लिंककडचा उघडा भाग खड्डे पडून गंजलेला, त्यावरून जाणारी वायपर सील दगडासारखी कडक, ओठ फाटलेला. प्रेशर वॉशरचे पाणी बरोबर याच जागी मारले जाते. स्पूल कॅपच्या बाजूने बाहेर ओढायचा असतो, पण गंजलेले टोक तसेच ओढले तर ते आख्ख्या बोअरला (स्पूल सरकतो ते भोक) ओरखडत जाते. म्हणून आधी वायपर आणि सील काढली, गंजलेला भाग बाहेरच्या बाहेर ८०० आणि मग १२०० नंबरच्या पेपरने साफ केला, पुसला, तेल लावले, आणि मग स्पूल सरळ, न फिरवता बाहेर घेतला.

पेपर फक्त सीलच्या बाहेरच्या भागावर. आतल्या लँडवर (बोअरला लागून तेल अडवणारे स्पूलचे जाड भाग) पेपर मारायचा नाही. स्पूल आणि बोअरमधली फट काही मायक्रॉनची असते, जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. त्याच कारणाने आर्मचा स्पूल बकेटच्या बोअरमध्ये घालून पाहायचा नाही. आर्मच्या स्पूलची कॅप उघडलीच नाही. त्याच्या टोकाला फ्लोटची डिटेंट (आर्म मोकळा सोडणाऱ्या स्थितीत स्पूल अडकवणारी गोळ्यांची खाच) आहे, आतल्या गोळ्या उडाल्या की अर्धा दिवस जमिनीवर जातो, आणि तो स्पूल चांगला आहे.

बकेटच्या लँडवर तपकिरी पट्टे होते, तापलेल्या जुन्या तेलाचे वॉर्निश. थिनरने भिजवून सुती कापडाने निघाले. खाली धातू गुळगुळीत, नखाला ओरखडा लागत नाही. सेंटरिंग स्प्रिंग सरळ, तुटलेली नाही.

बॉडी उभी धरून तेल लावलेला स्पूल वरून सोडला. स्वतःच्या वजनाने हळूच, न अडकता खाली उतरला. टेबलावर सगळे ठीक. मग २९ किलो कसले? सील कितीही कडक झाली तरी एवढे वजन घेत नाही.

१२ एप्रिल

उत्तर ब्रॅकेटमध्ये मिळाले.

नवी सील घालून व्हॉल्व्ह जागेवर ठेवला, एकही पाइप न जोडता, आणि चार बोल्ट एकेक करून आवळायला घेतले. डावा हात स्पूलच्या डोळ्यावर, स्पूल सतत पुढे-मागे. पहिला बोल्ट, दुसरा, तिसरा: स्पूल तसाच मऊ. चौथा बोल्ट टेकला, आणखी पाव फेरा फिरवला आणि स्पूल हाताखाली जड झाला. आणखी पाव फेरा, आणि तो सरकायचा थांबलाच. बोल्ट सैल केला, मोकळा झाला. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच.

ब्रॅकेटवर स्ट्रेट एज आणि फिलर गेज: चौथ्या पायाखाली ०.४५ मिमी फट. ब्रॅकेटच्या मागे जुने वेल्डिंग आहे. वेल्ड थंड होताना प्लेट ओढली गेली आणि चौथा पाय खाली गेला. बोल्ट आवळला की कास्टिंगची बॉडी त्या फटीकडे पिळली जाते. बोअरला काही मायक्रॉनचीच मोकळीक असताना तेवढा पीळ स्पूल धरायला पुरतो. बकेटचा बोअर त्या कोपऱ्याच्या जवळ, आर्मचा लांब, म्हणून एकच पेडल घट्ट. आणि थंडीत जास्त घट्ट, कारण जाड तेलाचा विरोध त्यात मिळतो. सकाळच्या तक्रारीचा अर्थ इथे लागला.

शिम: ०.२ मिमीचे स्टेनलेसचे दोन तुकडे, ०.४. उरलेले ०.०५ सोडून दिले. चारही बोल्ट कर्णात, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याला स्पूल हाताने हलवून. ‘घट्ट म्हणजे चांगले’ हा न्याय व्हॉल्व्हच्या बोल्टला लावायचा नाही. सेक्शन जोडून केलेल्या व्हॉल्व्हच्या टाय रॉडलाही हेच लागू.

स्पूल: १८ किलो.

१५ एप्रिल

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी. पेडलची बाजू संपली: लिंक जोडून उजवे पेडल ६.७ किलो, डावे ६.५. सोडले की टुणकन मध्यावर.

आता दुसरी ओळ: झटके.

मशीन चार भक्कम स्टँडवर, चारही चाके हवेत. झटके कधी येतात हे आधी ठरवले. दिशा बदलतानाच एकदा ‘खट’ होत असेल तर चेनकेसमधली (मोटरपासून चाकांना फिरवणाऱ्या साखळीची पेटी) चेन ढिली. हळू चालवताना सतत डुचके येत असतील तर हवा, चार्ज प्रेशर (चालीच्या पंपाला तेल पुरवणाऱ्या छोट्या चार्ज पंपाचा दाब) किंवा लिव्हरचे लिंकेज. फक्त लोडवर थरथर असेल तर रिलीफ किंवा मोटर. इथे हळू चालीत, दोन्ही बाजूंना, तेल तापल्यावर. उजवीकडे जास्त. दोन्ही बाजूंना आहे म्हणजे सामाईक कारण आहे, उजवीकडे जास्त आहे म्हणजे त्याशिवाय उजव्याचे एक वेगळे कारण आहे.

चाके हाताने फिरवून चेनचा खेळ पाहिला, दोन्हीकडे सारखा. मागच्या उजव्या टायरमध्ये ३२ पीएसआय, बाकी तिघांत ५०. भरला. एका बाजूला ओढण्याची तक्रार यानेही येते.

चार्ज प्रेशर: टेस्ट पॉइंटवर ४० बारचे गेज. प्लेटवर १८ ते २२ बार दिले आहे. थंड असताना २०. तेल ७८ अंशांवर गेल्यावर १३, आणि काटा स्थिर नाही, तीन-चार बारमध्ये नाचतो. काटा नाचतोय म्हणजे हवा. नुसती झीज असती तर काटा खाली येऊन स्थिर राहिला असता.

टाकीचे झाकण उघडले, वर दोन बोटे फेस. रिटर्न पाइप तेलात बुडलेला आहे, तेलाची पातळी बरोबर. मग हवा सक्शनमधून. टाकी ते चार्ज पंप हा पाइप व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे तिथली फट तेल बाहेर टाकत नाही, हवा आत ओढते. जमिनीवर थेंब पडत नाही म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. इंजिन चालू ठेवून सक्शनच्या प्रत्येक जोडावर जाड ग्रीस थापले. पंपाकडच्या क्लॅम्पवर थापताच पंपाचा रखरखता आवाज दबला आणि काटा शांत झाला. पाइप आत कडक होऊन आक्रसला होता, क्लॅम्प आवळूनही बसत नव्हता.

प्रेशरच्या बाजूला मात्र हाताने गळती शोधायची नाही. सुईएवढ्या फटीतून येणारे तेल कातडीत घुसते आणि जखम टोचल्याएवढीच दिसते. पुठ्ठा फिरवायचा. टोचले गेले तर पट्टी बांधून घरी न पाठवता लगेच सर्जनकडे.

१६ एप्रिल

तेल काढले, ३४ लिटर. रंग दुधाळ. तव्यावर दोन थेंब टाकले, तडतडले, म्हणजे पाणी आहे. लॅबचा आकडा नास १० (तेलातल्या कचऱ्याचा वर्ग, आकडा जितका मोठा तितके तेल घाण). पिस्टन पंपाला नास ८ किंवा त्याखाली हवे. हंगामात टॉपअप कधी व्हीजी (तेलाच्या जाडीचा ग्रेड) ६८ ने, कधी ४६ ने झाल्याचे यार्डातल्या रिकाम्या बादल्यांवरून दिसले. त्याच तापमानाला ६८ चे तेल ४६ च्या जवळजवळ दीडपट जाड असते. डिसेंबरातल्या पहाटे ते सक्शनमधून ओढताना पंपाची दमछाक होते.

टाकी आतून पुसली, तळाला चिखलासारखा थर. ब्रीदरच्या (टाकीत हवा ये-जा करण्याचे तोंड) जाळीत बगॅस. पाणी आणि भुसा इथूनच गेला असणार. ब्रीदर नवा, सक्शन स्ट्रेनर धुतला, रिटर्न आणि चार्ज फिल्टर नवे. सक्शन पाइप आत तारेचा वेढा असलेला, प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला.

नवे तेल व्हीजी ४६. बादलीतून सरळ ओतले नाही, १० मायक्रॉन फिल्टरच्या ट्रॉलीतून भरले. सीलबंद नवे तेलही पंपाला लागते तितके स्वच्छ असेलच असे नाही.

कोरड्या पंपावर इंजिन मारायचे नाही. फिल्टर तेलाने भरून बसवले, पंपाची केस ड्रेन पोर्टमधून (आत पाझरलेले तेल परत जाण्याचे तोंड) तेलाने भरली, इंजिनचा स्टॉप सोलेनॉइड सोडून स्टार्टर १० सेकंद, थांबून परत १० सेकंद. तिसऱ्या वेळी चार्ज गेज ४ बारला गेले, मग सोलेनॉइड जोडून इंजिन आयडलवर पाच मिनिटे, लिव्हरला हात न लावता.

गरम तेलावर चार्ज १८.५ बार, काटा स्थिर. फेस नाही. दोन्ही ड्राइव्ह मोटरचा केस ड्रेन दोन हजार आरपीएमला मोजला: डावा ०.९, उजवा १.१ लिटर प्रति मिनिट. बिनलोडचे मोजमाप आहे, तरी दोन्ही जवळ आहेत. मोटर आणि पंप उघडायचे कारण नाही.

१७ एप्रिल

उजव्याचे वेगळे कारण. लिव्हर ढकलताना सुरुवातीला काहीच नाही, मग चाक एकदम उडी घेते. लिव्हर ते स्वॉशप्लेटच्या (पंपातून किती तेल जायचे ते ठरवणारी तिरकी प्लेट) भुजेपर्यंत चार जोड आहेत. एकेक जोड बोटाने धरून दुसऱ्याकडून लिव्हर हलवून घेतला. दोन नंबरच्या जोडाचे भोक लांबट झालेले. भोक वेल्डने भरून पुन्हा ड्रिल, बुश, पिन.

डँपर काढून हाताने ओढला. पहिला अडीच सेंटिमीटर प्रवास पोकळ, विरोध नाही, रॉडवर तेल. डँपरचे कामच ऑपरेटरच्या हाताचा धक्का स्वॉशप्लेटपर्यंत जाऊ न देणे. खडबडीत जमिनीवर शरीर हलते, हात हलतो, लिव्हर हलतो, चाल हलते, त्याने शरीर आणखी हलते. गाडी ‘उड्या मारते’ त्यात अर्धा वाटा या साखळीचा असतो. दोन्ही बाजूंचे डँपर बदलले. एकच बदलला तर दोन लिव्हर वेगवेगळे लागतात आणि गाडी सरळ जात नाही.

न्यूट्रल सगळ्यात शेवटी. बुश ढिले असताना लावलेले न्यूट्रल दुसऱ्या दिवशी टिकत नाही. चाके हवेत, तेल ५० अंशांच्या वर, इंजिन आयडल. सेंटरिंग ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून लिव्हर पुढे नेत चाक जिथे फिरू लागते तिथे खडूची खूण, मागे नेत जिथे उलटे फिरू लागते तिथे दुसरी. ब्रॅकेट दोन्हींच्या मधोमध आवळला. उजव्या बाजूला दोन खुणांमध्ये आधी १४ मिमी होते, आता ६. डाव्यालाही ६.

१९ एप्रिल (मीटर ३,१४७ तास)

लोड चाचणी, ओली वाळू भरून. कॅब बसवून, फ्लोअर प्लेटखाली नवी रबर पट्टी लावून. दोन तासांनी तेल ७४ अंश, चार्ज १८. बकेट भरून अर्ध्या उंचीवर धरली, दहा मिनिटांत बकेटचा जॅक ६ मिमी सरकला. स्पूलचे खड्डे सीलच्या बाहेर होते, आतून गळती वाढलेली नाही, अंदाज बरोबर. हळू चालीत बकेटची धार भिंतीपासून वीतभर अंतरावर आणून थांबवली, पाच वेळा, डुचका नाही.

३ मे (मीटर ३,१९१ तास)

कंपोस्ट यार्डात जाऊन तपासले. उजवे पेडल ६.९, डावे ६.६ किलो. चार्ज गरम १८. तेल पारदर्शक, तव्यावर तडतड नाही. चार्ज फिल्टर कापून पाहिला: वॉर्निशचे तुकडे, दोन-तीन धागे, धातू नाही. नवा फिल्टर घातला.

लिंकेजभोवती प्रेसमड बसायला सुरुवात झाली आहे. फ्लोअर प्लेटचे दोन बोल्ट काढून खरवडायला वीस मिनिटे लागली. ऑपरेटरला खरवडणी दिली, दर शनिवारी काढायचे ठरले. वॉशरची नळी स्पूलच्या टोकांवर मारू नये म्हणून तिथे रबर बेलो घालायचा आहे, मापाचा अजून मिळालेला नाही. तोवर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला आहे.